चिपमध्ये प्रोग्रॅम टाकायला लागतं तरी काय?

२०२५ च्या गणपतीत आमच्या माखरात आजीची पितळेची समई होती, पण तेल-वातीशिवाय. माखर पुठ्ठ्याचं, त्याच्याशेजारी खरी ज्योत ठेवायची कुणाची छाती झाली नाही. वातीच्या जागी पिवळा एलईडी लावला होता. तो नुसता पेटलेला नव्हता, वाऱ्याची झुळूक आल्यासारखा मधूनच दबायचा आणि पुन्हा उजळायचा. आरतीला आलेले शेजारचे काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही कुठे मिळाली?"

"घरीच केली. आत एक चिप आहे."

"चिप? अहो, चिपचे कारखाने हजारो कोटींचे असतात. तुम्ही घरी काय करणार?"

काकांचं चुकलं नव्हतं. गणपतीच्या त्याच दिवसांत पेपरात इस्रोच्या 'विक्रम' या ३२ बिट प्रोसेसरची बातमी होती. रॉकेटसाठी बनवलेला, चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत तयार झालेला. नॅनोमीटर, फॅब, वेफर असे शब्द रोज कानावर पडले की चिप म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट, असंच माणूस धरून चालतो.

पण चिप बनवणं वेगळं आणि तयार चिपला काम शिकवणं वेगळं. कापडाची गिरणी काढायला कोट्यवधी लागतात, घरी बटण लावायला सुई-दोरा पुरतो. हा लेख सुई-दोऱ्याबद्दल आहे.

एका खोलीतला संसार

समईतल्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. लॅपटॉप म्हणजे बंगला धरा. प्रोसेसर एकीकडे, मेमरी दुसरीकडे, हार्ड डिस्क तिसरीकडे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे चाळीतली दहा बाय दहाची खोली: ओटा तिथेच, झोपायचं तिथेच, देवघरही तिथेच. हिशेब करणारा भाग, तात्पुरती आठवण, कायमची आठवण आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या पिना, सगळं एकाच काळ्या तुकड्यात.

माझ्या समईत एटीटाइनी८५ आहे. आठ पिना, करंगळीच्या नखापेक्षा फार मोठी नाही. प्रोग्रॅम साठवायला ८ किलोबाइट जागा आणि काम करताना लागणारी तात्पुरती मेमरी फक्त ५१२ बाइट. तुमच्या फोनवरचा 'सुप्रभात'चा एक फोटो तिच्यात मावणार नाही. ज्योत थरथरवायला मात्र ही जागा ऐसपैस आहे.

प्रोग्रॅम राहतो तो भाग म्हणजे फ्लॅश मेमरी. वीज गेली तरी तिथलं लिहिलेलं पुसलं जात नाही, आणि आपण पुसायचं म्हटलं तर पुसताही येतं. पेन ड्राइव्हमध्ये हीच जात असते.

आधी हे एवढं महाग का होतं?

मी डिप्लोमाला असताना ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवायचे. इंटेलची १९८० सालची रचना, आपल्याकडच्या अभ्यासक्रमात तिने ठाण मांडलं होतं. आम्हाला मिळायची ती एटी८९सी५१ ही चिप, चाळीस पायांची गोम. तिच्यात प्रोग्रॅम टाकायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, अख्ख्या विभागात एकच होतं आणि ते कुलूपबंद कपाटात असायचं. किल्ली सरांकडे, आणि सर रजेवर. प्रोजेक्टच्या आदल्या आठवड्यात त्या कपाटापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागायची. प्रोग्रॅममध्ये एक चूक निघाली की चिप सर्किटमधून उपटायची, पाय वाकडे होऊ न देता, आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचं.

तेव्हा वाटायचं, कॉलेज कंजूष आहे. थोडं तसं होतंही. पण खरं कारण चिपमध्ये होतं. त्या पिढीच्या चिपमध्ये लिहायला ५ व्होल्ट पुरत नसत, एका पिनेला वेगळे १२ व्होल्ट द्यावे लागत, शिवाय कुठे लिहायचं तो पत्ता आणि काय लिहायचं ती माहिती, यांसाठी कितीतरी पिना एकदम हलवाव्या लागत. हे सगळं करणारं यंत्र स्वस्त होणार कसं? त्याच्या आधीची पिढी तर आणखी अवघड. इप्रॉम चिपच्या डोक्यावर काचेची खिडकी असे आणि जुनं पुसायला ती अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागे.

(चिपमध्ये प्रोग्रॅम टाकण्याला अजूनही 'बर्न करणं' म्हणतात ते त्याच्याही आधीपासून. त्या काळच्या चिपमधल्या बारीक तारा खरोखरच जाळून माहिती लिहीत. एकदा जाळली की जाळली.)

मग बदल असा झाला की लिहिण्यासाठी लागणारा विजेचा जास्तीचा दाब, म्हणजे ते वरचे व्होल्ट, चिप आपल्या पोटातच तयार करू लागली आणि बाहेरच्याशी बोलायला मोजक्याच तारा पुरू लागल्या. अवघड काम यंत्राकडून चिपकडे गेलं. प्रोग्रॅमरच्या वाट्याला उरलं ते एवढंच: ठरलेल्या क्रमाने दोन-तीन तारा वर-खाली करत राहणं.

स्वस्ताईचं सगळं गुपित एवढंच आहे. तार हलवू शकणारी कुठलीही वस्तू प्रोग्रॅमर होऊ शकते.

सहा तारांतलं संभाषण

एटीटाइनी८५ किंवा तिची मोठी बहीण एटीमेगा३२८पी घ्या. तिच्यात लिहायला सहा तारा लागतात. दोन विजेच्या: पाच व्होल्ट आणि ग्राउंड. एक चिपकडे माहिती नेणारी, एक चिपकडून आणणारी, एक ताल धरणारी आणि सहावी रिसेटची.

आधी रिसेटची तार खाली, म्हणजे शून्य व्होल्टला ओढून धरायची. न्हाव्याने डोकं धरलं की पोर हलायचं थांबतं, तसं चिप आपलं चालू काम सोडून गप्प बसते. मग प्रोग्रॅमर चार आकडे पाठवतो: १७२, ८३, ०, ०. याचा अर्थ, "मी लिहायला आलोय, तयार आहेस का?" तिसरा आकडा जात असतानाच चिपने ८३ हा आकडा परत उच्चारायचा असतो. दारावरच्या कडीला आतून "कोण आहे?" असं उत्तर यावं, तसं. ८३ परत आला की तारा बरोबर आहेत, चिप जिवंत आहे.

पुढे प्रोग्रॅमर तिचं नाव विचारतो. एटीटाइनी८५ चं उत्तर सोळाच्या मोजणीत १ई-९३-०बी असं येतं. पहिला भाग कंपनीचा, म्हणजे अ‍ॅटमेल, जी २०१६ मध्ये मायक्रोचिपने विकत घेतली. दुसरा फ्लॅश किती ते सांगतो आणि तिसरा घराण्यातली नेमकी कोण ते. इथे नुसती शून्यं आली की संगणक "चुकीची सिग्नेचर" म्हणून बोंब मारतो. नवशिक्याला वाटतं चिप जळली. बहुतेक वेळा ब्रेडबोर्डवरची, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या भोकांच्या पाटीवरची, एक तार सैल असते.

मग खरं लिहिणं. चिप एकेक अक्षर लिहून घेत नाही, एटीटाइनी८५ एका वेळी ६४ बाइटचं पान घेते. आधी पान भरायचं, मग "आता कोर" म्हणायचं आणि साधारण साडेचार मिलिसेकंद थांबायचं. ८ किलोबाइट म्हणजे १२८ पानं. सगळी कोरायला लागणारा निव्वळ वेळ अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त. ज्या कामासाठी आम्ही तासभर रांगेत उभे राहायचो, ते हे.

मग ही तार हलवणार कोण?

सर्वांत सरळ उपाय यूएसबीएएसपी नावाचा चिटुकला प्रोग्रॅमर. त्याची रचना खुली असल्याने ढिगाने बनतो आणि दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार मान वर न करता काढून देईल. एक सूचना: कोरी एटीटाइनी कारखान्यातून येते ती १ मेगाहर्ट्झच्या सावकाश चालीवर. तिच्याशी भरभर बोललं तर तिला कळत नाही. प्रोग्रॅमरची गती कमी करा, लगेच उत्तर देते.

पण माझा आवडता मार्ग दुसरा. घरात आर्डुइनो ऊनो, म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि यूएसबी बसवलेला तयार बोर्ड, असेल तर वेगळं काही घ्यायलाच नको. आर्डुइनो २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया गावात डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्मला, त्यामुळे इंजिनिअर नसलेल्याला झेपेल हे त्याच्या रक्तातच आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आर्डुइनो आयएसपी' नावाचा तयार नमुना प्रोग्रॅम असतो. तो ऊनोत टाकला की ऊनो स्वतःच प्रोग्रॅमर होतो. १० नंबरची पिन दुसऱ्या चिपच्या रिसेटला, ११, १२, १३ या तीन पिना बोलण्याच्या तारांना, आणि वीज ऊनोकडूनच. कालचा विद्यार्थी आज शिकवण्या घेऊ लागला.

यात एक गोम आहे आणि तिथे निम्मे लोक अडतात. संगणकाने बोलायला सुरुवात केली की ऊनो सवयीने स्वतःलाच रिसेट करून घेतो, म्हणजे निरोप दुसऱ्या चिपकडे पोचवण्याआधी स्वतःच ऐकायला बसतो. ही सवय दाबायला ऊनोच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावतात, उणे टोक ग्राउंडला. दोन-चार रुपयांची वस्तू. मात्र ऊनोत तो नमुना प्रोग्रॅम टाकून झाल्यावरच लावायचा. आधी लावला तर ऊनो काहीच ऐकणार नाही.

मग नुसत्या यूएसबी केबलने कसं काय होतं?

ऊनोला लॅपटॉपशी जोडून 'अपलोड' दाबलं की काम होतं. तिथे सहा तारा, प्रोग्रॅमर काहीच दिसत नाही. कारण ऊनोच्या चिपमध्ये आधीच एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, बूटलोडर. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा. चिप जागी झाली की हा आधी क्षणभर गेटवर बघतो, नवीन सामान आलंय का? आलं असेल तर उतरवून घेतो आणि योग्य खोलीत ठेवतो. नसेल तर नेहमीच्या रहिवाशाला काम सुरू करू देतो. ऊनोमधला हा वॉचमन ३२ किलोबाइटपैकी फक्त अर्धा किलोबाइट जागा अडवतो.

पण या वॉचमनला पहिल्यांदा आत कोणी बसवलं? त्या सहा तारांनीच. म्हणून कोरी चिप आणली तर एकदा तरी तारा जोडाव्या लागतात.

काही नव्या चिपमध्ये वॉचमन कारखान्यातच असा बसवतात की त्याला काढताच येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको यातला. बोर्डावरचं बटण दाबून धरा, केबल लावा, लॅपटॉपवर पेन ड्राइव्हसारखी खूण येते, तिच्यात फाइल ओढून टाका. झालं. तुम्ही कितीही चुकीचा प्रोग्रॅम टाकलात तरी तो वॉचमन शाबूत असतो, त्यामुळे प्रोग्रॅम चुकला म्हणून बोर्ड कायमचा बंद पडत नाही. आपल्याकडे तो चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. घरात लहान मुलं शिकणार असतील तर मी आधी हाच सुचवतो. वाय-फाय हवं असेल तर ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२. तिथे शून्य नंबरची पिन ग्राउंडला धरून चिप सुरू केली की ती नवीन प्रोग्रॅमची वाट बघते. बहुतेक तयार बोर्डांवर हेही आपोआप होतं. फक्त या दोघी ३.३ व्होल्टच्या आहेत, पाच व्होल्ट दिले तर रुसतात आणि सहसा परत बोलत नाहीत.

"पण मला कोडिंग येत नाही"

समईचा प्रोग्रॅम मराठीत सांगतो. "१२० ते २५५ मधला कुठलाही एक आकडा काढ. एलईडी तेवढा उजळ. सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतका कितीही वेळ थांब. पुन्हा पहिल्यापासून." बस. २५५ म्हणजे पूर्ण उजेड, १२० म्हणजे साधारण निम्मा. आर्डुइनोच्या भाषेत याच्या चार ओळी होतात. मधूनच एकदा आकडा थेट ४० वर आणला की झुळूक येऊन गेल्यासारखं वाटतं. ती पाचवी ओळ माझ्या मुलीची.

एकही पैसा न घालता बघायचं असेल तर वोक्वी किंवा टिंकरकॅडवर ब्राउझरमध्येच खोटा ऊनो आणि खोटा एलईडी जोडून खरा प्रोग्रॅम चालवता येतो. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोन आणि ओटीजी केबलवरही ऊनोत प्रोग्रॅम टाकता येतो, मात्र चार इंची पडद्यावर अर्धविराम शोधताना डोळे जातात.

आणि केबल. माझ्या दोन संध्याकाळी एका केबलने खाल्ल्या. बोर्डावरचा दिवा लागायचा, पण लॅपटॉपला बोर्ड दिसेचना. ड्रायव्हर बदलले, लॅपटॉप बदलला, बोर्डाला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की ती केबल कुठल्याशा पॉवर बँकबरोबर आलेली, नुसती चार्जिंगची. आत विजेच्याच दोन तारा, माहितीच्या नाहीतच.

स्वस्त बोर्ड म्हणजे नकली माल ना?

अस्सल ऊनो दोन हजारांच्या पुढे, बाजारातला तीन-चारशेचा. एवढा फरक बघून शंका येणारच. ऊनोचे आराखडे त्याच्या निर्मात्यांनीच खुले ठेवले आहेत, तसा बोर्ड कुणीही बनवू शकतो. चोरी होते ती त्यावर त्यांचं नाव आणि चिन्ह छापलं तर. स्वस्त बोर्डांत यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही वेगळी चिप असते, तिचा ड्रायव्हर जुन्या विंडोजवर आपल्यालाच टाकावा लागतो.

ज्याला पैसे आणखी वाचवायचेत त्याने लांब चिपचा ऊनो घ्यावा, ज्यात चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. प्रोग्रॅम टाकायचा, चिप हलकेच उपटायची, आपल्या सर्किटमध्ये लावायची आणि ऊनोत दुसरी चिप बसवायची. बाहेर तिला १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ताल देणारा स्फटिक) आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लागतात. एका बोर्डावर दहा वस्तू निघतात.

चिप बिघडली तर?

दोन भीत्या असतात. पहिली, सारखं लिहून चिप झिजेल. झिजते, पण उत्पादकाच्या हिशेबाने निदान दहा हजार वेळा लिहिल्यावर. रोज दहा वेळा चुकलात तरी पावणेतीन वर्षं लागतील.

दुसरी भीती खरी आहे, तिचं नाव फ्यूज. घरातला फ्यूज नव्हे. चिपच्या स्वभावाच्या काही खुणा असतात: घड्याळ आतलं की बाहेरचं, रिसेटची पिन रिसेटचीच की दुसऱ्या कामाची. मी एकदा न वाचता 'बाहेरचा क्रिस्टल' निवडला आणि क्रिस्टल काही लावलेला नव्हता. चिप ठार गप्प, ८३ काही परत येईना. ऊनोच्या एका पिनेवरून तिला कृत्रिम टिकटिक पुरवली तेव्हा तिला वाचा फुटली, मग फ्यूज सुधारला. रिसेटची पिनच दुसऱ्या कामाला लावली असती तर मात्र सहा तारांचा दरवाजा बंद झाला असता आणि तेच जुने १२ व्होल्ट शोधावे लागले असते. नियम सोपा आहे: जो फ्यूज कळत नाही त्याला हात लावायचा नाही.

एटीटाइनीला वीज पाच व्होल्टच द्यायची. मोटर, गीझर, ट्यूब अशा २३० व्होल्टच्या गोष्टींना ब्रेडबोर्डवरून हात घालायचा नाही, तिथे इलेक्ट्रिशियन लागतो.

मग वॉशिंग मशीनची चिपही बदलता येईल?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुतेक 'नाही'. कंपन्या चिपला कुलूप लावतात, त्याला लॉक बिट म्हणतात. कुलूप लावल्यावर आतला प्रोग्रॅम बाहेर वाचता येत नाही. कुलूप काढायचा एकच मार्ग, चिप पूर्ण पुसणं, म्हणजे हातात कोरी चिप आणि बंद मशीन. स्वस्त खेळण्यांत तर एकदाच लिहिता येणाऱ्या चिपही असतात. तैवानच्या पडौक कंपनीची अशी एक चिप मोठ्या संख्येने घेतली तर साधारण तीन अमेरिकी सेंटला पडायची.

दुसऱ्या टोकाला खुल्या भाषेवर चालणाऱ्या चिप वाढताहेत. रिस्क-फाइव्ह ही चिपला हुकूम द्यायची भाषा कुणाच्याही मालकीची नाही. चीनच्या डब्ल्यूसीएचची सीएच३२व्ही००३ तिच्यावर चालते आणि तिच्यात लिहायला विजेखेरीज एकच तार लागते. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅकचा तेजस३२ मायक्रोकंट्रोलरही याच भाषेतला, त्याचं काम त्यांच्या तिरुअनंतपुरमच्या केंद्रात झालं.

काकांची टाकी

विसर्जनानंतर काका पुन्हा आले. गच्चीवरची टाकी भरून वाहते, काही करता येईल का? टाकीत दोन तारा सोडल्या, पाणी दोन्हींना टेकलं की चिपला कळतं आणि बझर वाजतो. दहा दिवस छान चाललं. अकराव्या दिवशी बझर मुका. वर जाऊन पाहिलं तर एक तार हिरवी पडून खाल्लेली. तारांमधून सतत वीज वाहत होती, त्यामुळे पाण्यात तांबं झिजत गेलं.

तारा स्टीलच्या घातल्या. पण खरी दुरुस्ती प्रोग्रॅमात केली: तारांना सतत वीज देऊ नकोस, दहा सेकंदांतून एकदा क्षणभर दे, बघ आणि बंद कर. दोन ओळी वाढल्या. चिप उपटून आणली, सहा तारा लावल्या, ८३ परत आला, पुन्हा लिहिली. या सगळ्याला पाच मिनिटं लागली. गच्चीची किल्ली वॉचमनकडून मिळवायला पाऊण तास.